टक लावणे, रोखणे, वटारणे, ताडणे... यातलं नेमकं कुठलं?

अनुवादिका

मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस घोडं अडलंय. मदत करा.

एका कंपनीच्या सूचनाफलकाचं मराठी करून द्यायचं आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानुसार दर्शनी जागी लावावा लागतो, तो फलक. त्याखाली त्यांनी स्वतःची एक यादी जोडली आहे, इथे काय काय चालणार नाही याची. अंगलट करणे, अचकट विचकट बोलणे, मोबाइलवर भलतंसलतं पाठवणे, हे सगळं भराभर झालं. मग आलं 'स्टेअरिंग'. म्हणजे एखाद्या व्यक्तीकडे उघड उघड, काही न वाटता, बराच वेळ बघणं.

पहिल्यांदा लिहिलं 'टक लावून पाहणे'. लिहिलं आणि डोळ्यांसमोर पाळण्यातल्या बाळाकडे बघणारी आई आली. खोडलं. 'रोखून पाहणे' लिहिलं, तर आता मारामारी होणार असं वाटायला लागलं. 'वाईट नजरेने पाहणे' म्हणजे कीर्तन झालं, शिवाय नजर वाईट होती हे ठरवणार कोण? 'घुरणे' लिहिलं तर भाऊ म्हणाला, घुरघुरतं ते कुत्रं. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, ताडणे लिही ना, सगळ्यांना कळेल." मी त्याच्याकडे जशी बघितली त्यालाही शब्द सापडेना.

हिंदीत 'घूरना' म्हटलं की काम झालं. आपल्याकडे हे एका शब्दात सांगणारं क्रियापद खरंच नाही, की मलाच आठवत नाहीये?

पाटाखालचा उंदीर

स्टेअरिंग तर गाडीला असतं. (हलके घ्या.)

'डोळ्यांनी गिळणे' कसं वाटतं? फलकाखाली चित्रपण काढता येईल.

खडूफळा

ताई, काहीही लिहा पण 'ताडणे' लिहू नका. ताडणे म्हणजे लक्षणांवरून ओळखणे. 'त्याच्या मनात काय आहे ते मी ताडलं', 'डाव ताडला'. शहाण्या माणसाची क्रिया आहे ती. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत 'आईने मुलाच्या मनातले ताडले' असं वाक्य आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मला वाटायचं माझ्या सदऱ्याला खडू लागलाय. कारण कळलं ते निवृत्त झाल्यावर, नातवाकडून.

आणि हो, संस्कृतातलं 'ताडन' वेगळंच. ते मारणं. लालन आणि ताडन ही जोडी जुन्या लोकांना आठवेल. म्हणजे एका 'ताड'च्या मागे मारणारा, ओळखणारा आणि आता हा कोपऱ्यावरचा टोळभैरव, असे तिघं उभे.

निमूट

सर, टोळभैरवाची थोडी बाजू घेतो. हिंदीतही 'ताड़ना' म्हणजे आधी ओळखणं, हेरणंच. एखादी गोष्ट ताडायची तर आधी तिच्याकडे नीट बघावं लागतं, त्यातलं फक्त बघणं उरलं आणि ताडणं गळून गेलं. शब्दांचं असं होतं.

शिवाय दोन्ही अर्थांत गोंधळ होत नाही. जुन्या ताडण्याचं कर्म वस्तू असते: हेतू, डाव, मन, धोका. नव्याचं कर्म माणूस असतं: 'तो तिला ताडतोय.' 'मी त्याचा डाव ताडला' यावर कुणी हसणार नाही. तुमचं 'मनातले ताडले' हे नेमकं सीमेवरचं वाक्य होतं, म्हणून पोरं हसली.

फलकावर नको, हे मात्र मान्य. त्या शब्दात बघणाऱ्याची मजा आहे. ज्याला बघितलं जातंय त्याचा त्रास नाही. 'डोळे शेकणे'चंही तेच. ही सगळी बघणाऱ्यांच्या कट्ट्यावर तयार झालेली भाषा आहे, दुसऱ्या बाजूची नाही.

वऱ्हाडी ठेचा

एवढा काय इचार करता? आमच्याकडं सरळ इचारते, "काय टुकुर टुकुर पाहून रायला बे?" माणूस लगेच खाली पायते. फलकावर हेच लिवा.

अनुवादिका

@ठेचा, 😀 फलकच लोकांना दम देतोय असं होईल. पण 'पाहून राहिला' याच्यात काहीतरी आहे. 'पाहतो' आणि 'पाहून राहिला' यात फरक पडतोच की.

@निमूट, 'दुसऱ्या बाजूची नाही' हे पटलं. तेच खुपत होतं, सांगता येत नव्हतं.

खान्देशी भरीत

आमच्या अहिराणीत 'देखणं' अजून जिवंत आहे. "काय देखी ऱ्हायना?" असं सर्रास विचारतात. प्रमाण मराठीने मात्र देखणे क्रियापद म्हणून सोडून दिलं आणि त्याची पिल्लं ठेवून घेतली. देखावा, देखरेख, डोळ्यांदेखत, देखणा. ज्ञानेश्वरीत पानोपानी 'देखे' भेटतो. आता 'मी त्याला देखलं' म्हटलं तर लोक विचारतील, नाटकात काम करतोस का.

'देखणा' शब्द मला फार आवडतो. बघणाऱ्याला माफ करून टाकलंय त्यात. दिसायला असा की बघावंच लागतं, बघणाऱ्याचा काय दोष!

तिसरी घंटा

नाटकाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं दिग्दर्शन केलं. संहितेत नुसतं 'बघतो' लिहिलेलं असतं आणि नट विचारतो, कसं बघू? तेव्हा हे शब्द वेगळे करावेच लागतात. माझी समजूत सांगतो, ती कोशातली नाही, तालमीतली आहे.

न्याहाळणे हे स्वतःसाठी असतं. त्यात घाई नाही, नजर फिरत असते, एका जागी थांबत नाही. माणूस आरशात स्वतःला न्याहाळतो, आरशाकडे टक लावत नाही. टक लावली तर प्रेक्षकांना वाटेल याला वेड लागतंय.

निरखणे त्याच्या जवळचं, पण त्यात तपासणी आहे. सोनार दागिना निरखतो. एखादीने साडी निरखून पाहिली म्हणजे तिला विणीतली चूक तरी सापडली किंवा किंमत तरी कळली.

डोळे वटारणे हे बघणंच नव्हे. हे मला फार उशिरा कळलं. एक मुलगी आईची भूमिका करत होती. पाहुण्यांसमोर मुलगा चौथा लाडू उचलतो आणि ती डोळे वटारते, असा प्रसंग. ती डोळे मोठे करून मुलाकडे बघायची, लाडूकडे बघायची, पण काही केल्या वटारल्यासारखं होईना. मी म्हटलं, तू बघू नकोस गं, तू *दाखव*. तुला काही दिसायची गरज नाही, त्याला तुझे डोळे दिसले पाहिजेत. एका झटक्यात जमलं. पाहुणीशी हसत बोलता बोलता अर्ध्या क्षणासाठी वटारले, परत हसू. मुलाचा हात आपोआप मागे. वटारणे म्हणजे आवाज न करता ओरडणं.

आणि गंमत बघा, वटारायला दुसरं काहीच नसतं. कान वटारत नाहीत, भुवया वटारत नाहीत. एका इंद्रियासाठी राखून ठेवलेलं क्रियापद. तसंच तोंडाला 'वासणे'.

रोखणे हे शस्त्राचं काम. बंदूक रोखतात तशी नजर रोखतात. त्यामुळे अनुवादिका ताईंना मारामारी दिसली ते बरोबरच आहे.

राहिली टक. तालमीत मी टक लावायला सांगितलं की नट हमखास श्वास रोखतात. का कोण जाणे.

आडवा छेद

वा! वटारण्याचं विश्लेषण झकास. माझी आजी मात्र डोळेही 'टवकारायची'. "काय डोळे टवकारून बघतोयस" असं म्हणायची. आपण हल्ली टवकारणं कानांना देऊन टाकलंय.

खडूफळा

'टक' वर दोन शब्द. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ते स्त्रीलिंगी नाम म्हणून आहे. म्हणजे ती टक. ती लावतात किंवा ती लागते. अनुवादिका ताईंच्या अडचणीचं मूळ मला इथे दिसतं.

'टक लावली' यात माणूस करतो. 'टक लागली' यात त्याच्यावर येऊन पडतं. मराठीला ही जोडी फार प्रिय आहे. सवय लावली, सवय लागली. आग लावली, आग लागली. फलकावर तुम्हाला 'लावणे'च हवं. कारण 'लागली' म्हटलं की आरोपी सुटला. "साहेब, मी काय करणार, टक लागली."

आता डोळ्यांचं बघा. *डोळा* लागला म्हणजे झोप लागली. *डोळे* लागले म्हणजे वाट पाहणं, 'तुझ्या वाटेकडे डोळे लागलेत'. एकवचन झोपलं, अनेकवचन जागं राहिलं! *डोळा ठेवला* म्हणजे लोभ किंवा पाळत. *डोळे लावले* म्हणजे आशा. *डोळा मारला* ते सांगायला नको. शाळेत मी हे फळ्यावर लिहायचो तेव्हा तास कधी संपला ते कळायचं नाही. निदान मला तरी.

पाटाखालचा उंदीर

सरांचा डोळा लागला की पोरांचे डोळे घड्याळाला लागत असतील.

गिरणगाव

तुम्ही सगळे पुस्तकी लोक. रस्त्यावरचा शब्द कुणी काढलाच नाही. खुन्नस देणे.

चाळीच्या नाक्यावर दोन पोरं एकमेकांकडे पापणी न हलवता बघतायत, कोणी बोलत नाही, कोणी हलत नाही, ते खुन्नस देणं. "काय रे, खुन्नस देतो काय?" यावर आमच्या लहानपणी निम्मी भांडणं सुरू व्हायची. नियम सोपा होता, आधी नजर काढली तो हरला. मी एकदा सलग दोन मिनिटं दिली होती. जिंकलो. नंतर कळलं तो पोरगा चष्मा घरी विसरला होता, त्याला मी दिसतच नव्हतो.

ट्रकमागे, रिक्षामागे लिहिलेलं असतं ना, 'बघतोस काय रागाने, ओव्हरटेक केलाय वाघाने', ते पण उलट्या बाजूने खुन्नसच आहे. तू बघ, मी मागे वळून बघणारसुद्धा नाही.

निमूट

@गिरणगाव, चष्म्याचा किस्सा 😂

पापणी न हलवण्यावरून आठवलं. माणूस साधारण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, त्यामुळे टक लावणं हे डोळ्याला तसं अनैसर्गिक काम आहे. संस्कृतात त्यासाठी 'अनिमिष' हा नेटका शब्द आहे. अनिमिष म्हणजे देव, आणि अनिमिष म्हणजे मासाही. दोघांच्याही पापण्या लवत नाहीत. माशाला पापण्याच नसतात, देवांना गरज नसते.

महाभारतात, वनपर्वात, नल-दमयंतीची गोष्ट आहे. स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसतात, समोर पाच नल. दमयंतीने खरा कसा ओळखला? देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांना घाम नव्हता, माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. जो पापणी लववत होता, घामेजला होता, तो माणूस. तिने त्याला माळ घातली.

थोडक्यात, टक लावून बघणारे चार सोडले आणि पापणी लववणारा निवडला. सर, याला तुमचं ताडणं म्हणायचं ना?

खडूफळा

@निमूट, शंभर टक्के. असं ताडावं.

हठयोगात 'त्राटक' हीच क्रिया साधना म्हणून आहे. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती या षट्कर्मांपैकी एक. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सूक्ष्म बिंदूवर नजर स्थिर ठेवायची. तिथे मात्र समोर बिंदू असतो, माणूस नाही.

कोऱ्या पानावर

मी इथे बहुतेक नुसती वाचते. आज लिहिते.

काही वर्षांपूर्वी रोज एकाच बसने जायचे. एक गृहस्थ समोरच्या आडव्या सीटवर बसायचे. वयस्कर, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा. बस सुटली की बघायला सुरुवात, माझा स्टॉप येईपर्यंत. काही बोलायचे नाहीत, हसायचे नाहीत, पाय लांब करायचे नाहीत. मी पुस्तक वर धरलं की पुस्तकाच्या कडेवरून बघायचे. मी खिडकीकडे वळले की काचेत त्यांचा चेहरा, तोही माझ्याकडेच. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुस्तकाचं पान उलटायचं विसरायला लागले.

एकदा कंडक्टरला सांगायला गेले. तोंड उघडलं आणि वाक्यच नव्हतं. म्हटलं, "ते बघतायत." कंडक्टर म्हणाले, "बघू दे की मॅडम, बघितल्याने काय होतं." मागचे दोघं हसले. कंडक्टर वाईट नव्हते. मी जे सांगितलं त्याला त्यांनी बरोबरच उत्तर दिलं. बघणं हा काही गुन्हा नाही. मला सांगायचं होतं ते वेगळं होतं आणि त्याला माझ्याकडे क्रियापद नव्हतं.

म्हणून अनुवादिका, हा शब्द नीट शोधा. फलक कोण वाचतं माहीत नाही, पण तक्रार लिहायला बसलेलीला पहिलं वाक्य तिथून उचलता आलं पाहिजे.

अनुवादिका

@कोऱ्या पानावर, लिहिलंत बरं झालं. आता हे काम मला फलकापेक्षा मोठं वाटतंय.

वऱ्हाडी ठेचा

ताई, माही मस्करी मागे घेतो.

आडवा छेद

वरचा किस्सा वाचून बराच वेळ विचार करत होतो. मला वाटतं आपण सगळे चुकीच्या जागी शोधतोय. क्रियापदात शोधतोय, मराठीने ते ठेवलंय प्रत्ययात आणि सहायक क्रियापदात.

आधी प्रत्यय. तीन वाक्यं घ्या. 'त्याने तिला पाहिलं.' 'त्याने तिच्याकडे पाहिलं.' 'त्याची तिच्यावर नजर होती.' पहिल्यात ती फक्त दिसली. दुसऱ्यात त्याने मान वळवली. तिसऱ्यात तिच्यावर ओझं आलं. *ला* म्हणजे दिसण्याचा टप्पा, *कडे* म्हणजे दिशा, *वर* म्हणजे वजन. आता वरच्या प्रतिसादांतले शब्द बघा: माझ्या*वर* डोळे वटारले, त्याच्या*वर* नजर रोखली, तिच्या*वर* डोळा ठेवला, पाळत*ही* ठेवतात ती कुणा*वर*च. त्रास द्यायचा किंवा ताबा सांगायचा असला की मराठी 'वर' चढते. आशा, माया, वाट पाहणं, सगळं 'कडे'. अपवाद असतील. खुन्नस कुणा*ला* तरी देतात, ती देण्याघेण्याची वस्तू आहे म्हणून. पण ढोबळ चाल हीच.

आता सहायक क्रियापद. 'बघणे' स्वतः अगदी भाबडं आहे, कंडक्टरच्या उत्तराइतकं. पण त्याच्या मागे काय लावता त्यावर सगळं फिरतं. *बघतच राहिला*: भान हरपलं. *बघत बसला*: काम सोडून, रिकामटेकडा. *बघून घेतलं*: पटकन, गरजेपुरतं. *बघून घेईन*: ही उघड धमकी, आणि यात बघण्याचा संबंधच नाही. *बघता बघता*: इथे तर डोळेही नाहीत, नुसता काळ आहे. ठेचा भाऊंचं 'पाहून रायला' हे वऱ्हाडीतलं साधं चालू वर्तमान असेल, पण प्रमाण मराठी कानाला त्यात चिकाटी ऐकू येते, म्हणून अनुवादिकांना तिथे काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.

माझं मत असं की तुमचं क्रियापद 'टक लावून बघत राहणे' हे आहे. तीन तुकडे, तिन्ही लागतात. 'टक' ने नजर हलत नाही हे सांगितलं, 'लावून' ने मुद्दाम केलं हे सांगितलं, 'राहणे' ने थांबत नाही हे सांगितलं. आईही बाळाकडे बघत राहते, कबूल. पण 'राहणे' आलं की वेळ मोजता येतो. ते 'बघतायत' च्या ऐवजी 'स्टॉप येईपर्यंत टक लावून बघत राहतात' असं वाक्य असतं, तर 'बघू दे की' म्हणणं इतकं सोपं गेलं नसतं.

तिसरी घंटा

'वर चढते' हे मी तालमीत वापरणार. परवानगी गृहीत.

खान्देशी भरीत

क्रियापद नाही म्हणताय, पण नाम आहे बरं का. बघे. 'अपघातस्थळी बघ्यांची गर्दी.' एक बघ्या, अनेक बघे. करणाऱ्याला नाव दिलंय आणि करण्याला नाही, असं किती शब्दांचं असेल? बघ्या काय करतो? बघतो. बाकीचेही बघतातच, पण ते बघे नसतात.

आणि हा शब्द नेहमी कुचेष्टेने येतो. 'बघ्याची भूमिका घेतली' म्हटलं की त्या माणसाने काहीच केलं नाही. पण त्या बसमधले ते गृहस्थ बघे नव्हेत. बघे होते ते मागचे हसणारे दोघं.

कोऱ्या पानावर

हो.

पाटाखालचा उंदीर

विषय जरा हलका करतो. उघड्यावर, सर्वांच्या संमतीने, चहा-पोहे देऊन बघण्याची एक पद्धत आपल्याकडे आहेच. 'मुलगी बघायला जाणे'. तिथेही क्रियापद नुसतं बघणे. मी गेलो होतो तेव्हा बशीतल्या पोह्यांकडेच टक लावून बसलो. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "कशी वाटली?" मी म्हटलं, "मीठ कमी होतं." आता लग्नाला बारा वर्षं झाली. ती सांगते, तिने मात्र मला आपादमस्तक न्याहाळलं होतं, डावा मोजा उलटा होता.

तिसरी घंटा

म्हणजे तिने निरखलं. चूक सापडली ना.

निमूट

अनुवादिका, एक व्यवहाराची गोष्ट. कायद्याच्या व्याख्येत बघण्याचा वेगळा उल्लेख नाही. शारीरिक जवळीक, शरीरसंबंधाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील साहित्य दाखवणं, आणि शेवटी 'लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे शारीरिक, शाब्दिक किंवा शब्दांविना केलेले वर्तन', अशी रचना आहे. तुमचा शब्द त्या 'शब्दांविना' मध्ये बसतो. म्हणून मूळ मजकुरातला 'नकोसे' हा भाग सोडू नका. 'वाईट नजर' ठरवायला बघणाऱ्याच्या मनात शिरावं लागतं. 'नकोसे' ठरवायला फक्त दुसऱ्या बाजूला विचारावं लागतं.

खडूफळा

'नकोसे' फार चांगला शब्द आहे. 'अनिष्ट', 'अवांछित' असलं काही घालू नका, देवाशपथ.

अनुवादिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाठवलेला मजकूर असा:

*'एखाद्या व्यक्तीकडे तिला नकोसे वाटेल अशा प्रकारे टक लावून बघत राहणे, किंवा तिच्या शरीरावर नजर रोखणे.'*

एक 'कडे', एक 'वर'. @आडवा छेद, दोन्ही घेतले. तिकडून आधी विचारणा आली की एका शब्दात होणार नाही का, जागा कमी आहे. मी कळवलं की नाही, मराठीत ही गोष्ट एका शब्दात होत नाही, अक्षर लहान करा. केलं.

आज फलक लागला. त्यांच्याकडून फोटो आलाय. अक्षर खरंच एवढं बारीक झालंय की फोटोत एक माणूस फलकाला नाक लावून वाचतोय, आणि मागे दोन बायका त्याच्याकडे बघत उभ्या आहेत.

पाटाखालचा उंदीर

बघत *राहिल्यात* की बघत *बसल्यात*?

अनुवादिका

उभ्या आहेत म्हटलं ना. 😀